भूर्जाचं पाणी

मार्चच्या शेवटी माझी गाडी
व्होरूच्या पलीकडे, कच्च्या रस्त्यात रुतते.
दरवर्षी. त्याच वळणावर.
उरलेली वाट मी रबरी बुटांनी कापते,
पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, पट्ट्या, गोळ्यांची पाकिटं,
आणि सहा महिन्यांच्या अंधारानं
पिठासारखं पांढरं पडलेलं माझं तोंड.

हेल्यू दारात नसते. झाडापाशी असते.
"आधी हे," म्हणते, "मग तुझं यंत्र."

भूर्जाच्या सालीत करंगळीएवढं तिरकं भोक,
भोकात पोकळ काडी,
काडीच्या टोकाला थेंब, मग थेंब,
एखाद्या पोरानं पाढा म्हणावा तसा.
पानं फुटायला अजून महिना आहे.
झाड स्वतःसाठी वर ओढतंय ते पाणी,
त्यातलं थोडं आपण मागून घ्यायचं.
"मागून," ती बजावते. "ओरबाडून नाही.
मांडीहून बारीक झाडाला हात लावायचा नाही.
आणि बादली भरली की भोक बुजवायचं."
लाकडी खुंट्या तिच्या एप्रनच्या खिशात
चिल्लरीसारख्या वाजतात.

मी पिते. चव जवळजवळ नाहीच.
बर्फाला कुणी तरी साखरेबद्दल सांगितलं असावं,
एवढीच.

एकशे बासष्ट, मी यंत्र वाचते. भुवया उंचावते.
ती मुकाट्यानं गोळी काढते
आणि भूर्जाच्या पाण्याबरोबर गिळते.
"डॉक्टरचंही मन राखलं, झाडाचंही.
दोघांत भांडण लावणारी मी कोण?"

तिच्या माळ्यावर जुन्या अभ्र्यांत
लिंडनची फुलं, गेल्या जुलैतली.
रासबेरीच्या काटक्या सुतळीनं बांधलेल्या,
ताप आला तर.
मे महिन्यात ती हातमोजे घालून
खाजोटीचे कोवळे शेंडे खुडते, सूप करते,
एक डबा माझ्यासाठी गाडीच्या टपावर ठेवते
आणि मी तो तिथेच विसरून निघते.
(दोनदा. दुसऱ्यांदा तो व्होरूपर्यंत पोचला होता.)

कोठीच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या तारखा:
पाणी कधी सुटलं.
सत्याऐंशी, चौदा एप्रिल. हे आगोचं अक्षर,
सुतारकामासारखं सरळ.
एका वर्षी नुसतीच रेघ.
"त्या वर्षी आगो गेला," ती म्हणाली.
"झाडं वाहिली असतील. मी विचारलं नाही."
त्यापुढे तिचं अक्षर, वाकडं होत गेलेलं,
आणि तारखा मागे मागे सरकलेल्या:
नऊ एप्रिल. दोन एप्रिल. अठ्ठावीस मार्च.
"जमिनीलाच कणकण आलीय गं.
तिला काय उकळून द्यायचं
ते मला कुणी शिकवलं नाही."

यंदा तिचं खुब्याचं हाड मोडलं, अंगणातल्या बर्फावर.
मी एकटीच गेले. गिरमिट शेडमध्ये, काडी खिडकीत,
सगळं तिनं फोनवर सांगितलेलं.
भोक पाडलं, बाटली भरली,
वॉर्डात तिच्या उशाशी नेऊन ठेवली.
तिनं वास घेतला, ओठ बुडवले, डोळे मिटले.
शेजारच्या खाटेवरची बाई विचारत होती, दारू आहे का.

मग डोळे न उघडताच:
"खुंटी मारलीस ना?"

रात्री साडेनऊला गाडी रुतली. त्याच वळणावर.
फोनच्या उजेडात चालत गेले.
बादली भरून ओसंडलेली,
खालच्या बर्फात एक खळगा,
आणि थेंब चालूच, कुणी ऐको न ऐको.
खुंटी ठोकायला हातोडा सापडेना,
शेवटी बुटाच्या टाचेनंच ठोकली.
तीन घाव. जंगलात कुठे तरी एक पक्षी दचकला.
सवयीनं माझी दोन बोटं
सालीवर, भोकाच्या जरा वर, जाऊन टेकली
आणि मी मनात तीसपर्यंत मोजलं.

कोठीची चौकट. पेन्सिल दोरीला बांधलेली.
बावीस मार्च, मी लिहिलं,
आणि शेजारी, जागा होती म्हणून,
हेल्यू: एकशे चाळीस.